जुन्या बाजारातली सुतारी हत्यारे: सहा हजारांतला संच

रविवार, ७ जानेवारी २०२४

स्टूल, टेबल, कपाटाच्या फळ्या एवढे काम हाताने करता यावे असा संच जमवायचा आहे. सगळा माल जुना, आणि धारेचे सामान धरून मर्यादा ६,००० रुपये. यादी अशी: ४ आणि ५ नंबरचे रंधे, चार पटाश्या (२ सूत, ४ सूत, पाऊण इंच, १ इंच; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), एक आडवी कापायची आणि एक उभी चिरायची करवत, ब्रेस (हाताने फिरवून भोक पाडायचा दांडा) आणि त्याची गिरमिटे, काटकोनाचा गुण्या, धार लावायची सहाण, लाकूड पकडायला बाकाला लावायचा व्हाइस. खतकस, म्हणजे कडेला समांतर रेघ आखायचे साधन, विकत घ्यायचा नाही, सागाच्या तुकड्यातून आणि एका खिळ्यातून तो तासाभरात होतो.

पहिली फेरी पुण्याच्या जुन्या बाजारात. मंगळवार पेठेतला हा बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. जिथे पितळी समया, ग्रामोफोन, जुने कंदील मांडलेले असतात तिथे रंधा शोभेची वस्तू म्हणून विकला जातो आणि भावही शोभेचाच असतो. भंगाराच्या पथारीवर, नळाच्या तोट्या आणि मोटरसायकलच्या चेनांखाली जी हत्यारे पडलेली असतात, ती कामाची.

पिशवीत पुढचे सामान असावे: १२ इंची स्टीलची पट्टी, बारीक कानस, छोटी टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, रॉकेलचा बोळा. बोळ्याने गंज पुसला की खालचे खड्डे दिसतात. नुसता गंज बघून हत्यार नाकारू नये आणि चकचकीत बघून घेऊ नये. ग्राइंडरवर चमकवलेली पटाशी ही गंजलेल्या पटाशीपेक्षा जास्त धोक्याची असते.

घेतले:

बेली पद्धतीचा ४ नंबरचा रंधा. मागितले १,५००, दिले ८५०. तळ सुमारे साडेनऊ इंच, पाते २ इंच. लेनर्ड बेलीने १८६७ च्या पेटंटमध्ये जी रचना बांधली आणि १८६९ मध्ये जी अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने विकत घेतली, तीच पुढे इंग्लंडात आणि आपल्याकडेही बहुतेकांनी उचलली. त्यामुळे एका रंध्याची मूठ, पाते, कधी फ्रॉगसुद्धा (पात्याखालचा ठोकळा) दुसऱ्याला बसतो. जुन्या बाजारातून घ्यायला ही जात म्हणूनच बरी.

रंधा तपासायचा क्रम: आधी पाते काढून तोंडाच्या, म्हणजे तळातल्या पाते बाहेर येण्याच्या फटीच्या, दोन्ही कडा आणि दोन्ही बाजूच्या भिंती टॉर्चने बघायच्या. बिडाला भेग असली की विषय संपला, बीड जोडून तळ पुन्हा सरळ राहत नाही. मग फ्रॉग, म्हणजे पाते ज्यावर टेकते तो तिरपा ठोकळा, हलतो का ते पाहायचे. मग पाते पुढेमागे करणारी पितळी चक्री. तिचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेले लोक सरळ आटा समजून जोर लावतात आणि दांडीचे आटे मारतात, म्हणून ती पूर्ण फिरवून बघावी. पात्याच्या खाचेच्या खालच्या टोकापासून धारेपर्यंत निदान १ इंच पोलाद उरलेले हवे. मुठीचा वरचा कोपरा तुटलेला असला तर हरकत नाही, उलट भाव पाडायला तो कामी येतो.

पटाश्या चार, मिळून ३०० रुपये. त्यातल्या दोघींवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा आहे. पथारीवाले आणि काही गिऱ्हाईकही त्याचा अर्थ बीड असा लावतात. खरे तर ते मुशीत वितळवून केलेले उत्तम पोलाद. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ती रीत बसवली. शिवाय हा ठसा बहुधा जुन्या मालावरच दिसतो, म्हणून दिसला की पटाशी हातात घेऊन बघावीच.

दोन पटाश्या परत ठेवल्या. एकीच्या पाठीवर धारेलगत खोल खड्डे होते. पाठ म्हणजे सपाट बाजू, आणि धार ही पाठ आणि उतार यांची रेघ. पाठीवर खड्डा असेल तर घासत घासत धार जेव्हा त्या खड्ड्यावर येईल तेव्हा तिला दात पडणार. उताराच्या बाजूचे खड्डे चालतात, ते धार लावताना आपोआप जातात. दुसरीचे टोक निळे पडले होते, ग्राइंडरवर तापून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेले. निळी छटा फक्त टोकाशी दोन-तीन मिलिमीटर असेल तर तेवढे गाळून पुढचे पोलाद चांगले मिळते. इथे ती १२ मिलिमीटर आत गेली होती.

पोलादाची परीक्षा बारीक कानशीने करावी, धारेजवळच्या कडेवर, आणि विकणाऱ्याला विचारून. कानस घसरली किंवा जेमतेम चावली तर पाणी शाबूत. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पटाशी डबे उघडायला ठेवावी.

बुधवार, १० जानेवारी

गंज काढणे. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिड, १ लिटर पाण्याला ६० ग्रॅम. ५ लिटरला ३०० ग्रॅम लागले. लिंबूफूल आणि खाण्याचा सोडा मिळून १२० रुपये.

आधी सगळे तेल-ग्रीस भांडी धुण्याच्या साबणाने काढायचे. तेल राहिले तर तिथे आम्ल पोचत नाही आणि चट्टे पडतात. रंध्याचे सुटे भाग आणि पटाश्यांची पाती प्लास्टिकच्या टबात बुडवली. पितळी चक्री आणि नट वेगळे ठेवले. लोखंडासोबत एकाच आम्लात गेले तर पितळेवर तांबूस थर चढतो.

दर दोन तासांनी काढून तारेच्या ब्रशने घासले. पटाश्यांना चार तास पुरले, रंध्याच्या तळाला सात. रात्रभर ठेवून विसरू नये: गंज संपला की आम्ल लोखंड खायला घेते आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. बिडावर काळी काजळी येते, ती बिडातलाच ग्रॅफाइट, घासली की जाते.

बाहेर काढल्यावरचा अर्धा तास महत्त्वाचा. साधे पाणी, मग लिटरला एक चमचा खाण्याच्या सोड्याचे पाणी, पुन्हा साधे पाणी, लगेच फडक्याने पुसून हेअर ड्रायरने तापवायचे आणि गरम असतानाच मशीन ऑइल. एक पटाशी ‘वाळेल उन्हात’ म्हणून तशीच ठेवली होती, दहा मिनिटांत तिच्यावर नारिंगी पूड आली.

रविवार, १४ जानेवारी

रंध्याचा तळ. १० मिलिमीटर जाडीची काच सपाट फरशीवर, तिच्यावर पाणी मारून चिकटवलेला पॉलिशपेपर. ८० नंबरचे सहा, १२० चे दोन, २२० चे दोन तुकडे लागले. २४० रुपये.

पाते आणि टोपी (पात्याच्या पाठीवर बसणारी, छिलका मोडणारी पट्टी) जागेवर घट्ट बसवून, फक्त धार आत ओढून घ्यायची आणि मगच तळ घासायचा. लिव्हर कॅपचा, म्हणजे पाते दाबून धरणाऱ्या वरच्या झाकणाचा, दाब पडला की बीड किंचित वाकते. मोकळा तळ सपाट केला तर पाते बसवल्यावर तो पुन्हा वाकडा.

स्टीलची पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) लावून तपासले. तोंडाच्या मागे ०.१५ मिलिमीटरची पोकळी होती. तळावर मार्करने रेघा मारून घासल्यावर १५ मिनिटांनी टाच आणि नाक (तळाची मागची आणि पुढची टोके) चमकले, तोंडाच्या पुढच्या कडेवर मात्र रेघा तशाच. ४० मिनिटांनी त्या गेल्या. इथे थांबलो. नाक, तोंडाची पुढची कड आणि टाच हे तीन भाग एका पातळीत आले की रंधा चालतो. मधे कुठे रेघ राहिली तर राहू द्यावी. सगळा तळ आरशासारखा करण्याच्या नादात बीड विनाकारण जाते आणि कडा गोल होतात.

टोपी आणि पाते यांच्यामध्ये उजेडाची फट होती. टोपीची कड काचेवर किंचित तिरपी धरून घासली, म्हणजे तिची फक्त पुढची रेघ पात्याला टेकते. फट राहिली तर छिलका तिच्यात अडकतो, तोंड चोंदते आणि दोष मात्र पात्याच्या धारेला दिला जातो. टोपी धारेपासून एक मिलिमीटर मागे, उलट्या रेषांच्या लाकडाला अर्धा.

रविवार, २१ जानेवारी

दुसरी फेरी. करवती १५० आणि २००, ब्रेस आणि पाच गिरमिटे ४५०, सहाण १५०, गुण्या ८०. एकूण १,०३०.

करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या रेघेवरून बघायची. पान धनुष्यासारखे सलग वाकलेले असेल तर उलट्या बाजूला वाकवून सरळ होते. एका जागी मुरड पडली असेल तर ती ठोकून काढावी लागते, ते पटाईत माणसाचे काम, घेऊ नये. मग टोक मुठीकडे वाकवून सोडायचे: चांगले पान सरळ परत येते. दात बोथट, उंचसखल असले तरी चालतील. सलग तीन-चार मोडलेले असतील तर पूर्ण ओळ खाली आणावी लागते, म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या.

करवतीचे पान आम्लात टाकले नाही. आम्लाने त्यावरचा कोरीव मार्क पुसला जातो. लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून रॉकेल लावून घासले, तेवढे पुरते.

ब्रेसचा चक (गिरमिट पकडणारा भाग) उघडून आतले दोन जबडे आणि त्यांमधली स्प्रिंग बघितली. स्प्रिंग गेलेली असली तरी तारेची करता येते, जबडा हरवला असेल तर ब्रेस निरुपयोगी. गिरमिटावरचा आकडा सोळांशात असतो: ८ म्हणजे अर्धा इंच, ६ म्हणजे ३ सूत. बाहेरच्या दोन नखांना धार लावायची तर फक्त आतून. बाहेरून कानस मारली की नखांचा घेर अंगापेक्षा लहान होतो आणि गिरमिट भोकात आवळून बसते. पाचांपैकी एकाचे तसेच झाले आहे, ते वेगळे ठेवले.

गुण्या घेण्याआधी त्याच पथारीवरच्या फळीच्या सरळ कडेला लावून पेन्सिलीने रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या. वेगळ्या पडल्या असत्या तर खरी चूक त्या अंतराच्या निम्मी.

सहाण मधोमध खोलगट होती. काचेवर सिलिकॉन कार्बाइडचा ८० नंबरचा कागद लावून पाण्यात २० मिनिटांत सपाट झाली.

शनिवार, २७ जानेवारी

पटाश्यांची पाठ धारेपासून ३० मिलिमीटरपर्यंत सपाट केली, त्यापुढे गरज नाही. उतार २५ अंश, टोकाशी ३० चा बारीक दुसरा उतार. सागात वाळूसारखा सिलिका असतो, धार लवकर मरते, म्हणून मोगरीने (लाकडी हातोडीने) ठोकायच्या दोन पटाश्यांना ३३ अंश दिले. दोन मुठी बाभळीच्या नव्या केल्या. जुनी मूठ फुटण्याचे कारण बहुधा एकच: वरचे लोखंडी कडे हरवलेले असते आणि लोक तरीही हातोडीने ठोकत राहतात. अर्ध्या इंची नळाचा १२ मिलिमीटरचा काप कडे म्हणून चालतो. जवसाचे तेल १०० रुपये.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

मुंबई. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात. त्याच दिवशी पहाटे दीड गल्लीत रस्त्यावरचा बाजार भरतो, तिथे बूट उदंड, सुतारी हत्यारे मोजकी. हाती काही लागले नाही.

दारूखान्यात लागले. जहाजे तोडण्याच्या जुन्या धंद्यामुळे तिथे जड माल येतो: व्हाइस, सी-क्लॅम्प, मोठे पाने. ७ इंची जबड्याचा, खटक्याने सरकणारा सुतारी व्हाइस १,४०० ला. फिटरचा दातेरी व्हाइस स्वस्त मिळत होता, पण तो लाकडाला चावतो.

व्हाइसला नवा रंग दिसला की आधी संशय घ्यावा. रंगाखाली वेल्डिंगची गाठ असते. छोट्या हातोडीने जबडा वाजवून बघितला: स्वच्छ टण् आवाज. भेग असती तर बद्द वाजला असता. मग जबड्यात लाकडाचा तुकडा धरून पूर्ण आवळला. खटक्याच्या आत अर्धा नट असतो, तो झिजला की जोर आल्यावर कट् करून सुटतो. हा सुटला नाही. दांडा उलटा फिरवताना पाव वळसा मोकळा जातो, तेवढे चालते.

जहाजावरच्या लोखंडाला मिठाची बाधा असते. गंज काढला तरी खड्ड्यांत मीठ राहते आणि आठ दिवसांत तोच डाग पुन्हा उठतो. म्हणून सुटे करून धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात दोनदा, तासतासभर भिजवले, पाणी बदलून.

मळसूत्र आणि लहान भागांना इलेक्ट्रोलिसिस: १० लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक हत्याराला, धन टोक भंगार लोखंडी सळईला, दोन्ही एकमेकांना टेकू न देता. सळई स्टेनलेसची कधीही घेऊ नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. काम उघड्यावर करावे, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. टोके उलटी लावली तर हत्यारच विरघळते. रंध्याला ही रीत वापरली नाही, सोड्याने मूळ काळा रंग सुटतो.

रविवार, ४ फेब्रुवारी

करवतीला धार. त्रिकोणी कानशी दोन (जेके, यांचे काही कारखाने रत्नागिरी-चिपळूणला आहेत) १८० रुपये, दात फाकवायची जुनी पक्कड १२०. आडव्या करवतीला इंचाला ८ दात, तिला ७ इंची पातळ कानस. उभीला ५ दात, तिला जाड. कानशीची बाजू दाताच्या उंचीच्या दुप्पट असावी, म्हणजे एक कोपरा झिजला की पुढचा वापरता येतो.

क्रम बदलू नये. पहिल्यांदा सपाट कानस सगळ्या दातांच्या टोकांवरून लांबीने, प्रत्येक टोकावर चमकता ठिपका येईपर्यंत. मग दातांचा आकार सारखा करणे. मग फाकवणे. शेवटी धार, ठिपका जाईतो आणि एक घासही जास्त नाही. धारेनंतर फाकवले तर पक्कड टोके मारते.

फाकवायचा तो फक्त दाताचा वरचा अर्धा भाग. मुळापासून वाकवला तर दात मोडतो. आधी डावीकडे वाकलेला दात उजवीकडे न्यायचा प्रयत्नही तसाच संपतो. उभ्या करवतीचे तीन दात असेच गेले, पहिल्या दाताची दिशा न बघता सुरुवात केल्यामुळे. तीन सलग नाहीत, म्हणून करवत चालते, पण झटका जाणवतो.

उभीला कानस पानाशी काटकोनात. आडवीला सुमारे २० अंश तिरपी, म्हणजे दाताला सुरीसारखी कड येते आणि रेषा तुटतात, उपटत नाहीत. चाचणी सागाच्या फळीवर: आडवी करवत उजवीकडे ओढत होती. उजव्या बाजूचे दात जास्त फाकले होते. त्या बाजूवरून सहाण दोनदा हलकी फिरवली, काप सरळ झाला.

रविवार, ११ फेब्रुवारी

५ नंबरचा रंधा ४०० ला. तळ १४ इंच, भेग नाही, मूठ अखंड. पण लिव्हर कॅपचा स्क्रू नाही, पातेही नाही. भाव बघून घेतला, आणि तीच चूक.

स्टॅन्लीच्या या स्क्रूचा व्यास ९/३२ इंच आणि इंचाला २४ आटे. पुण्याच्या बोहरी आळीत कुठेही मागा, मिळत नाही. पाव इंची बोल्ट ढिला. ७ मिलिमीटरचा बोल्ट व्यासाने जवळ आहे, पण त्याच्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर आणि याचे १.०६, त्यामुळे दोन-तीन वळसे जातो आणि अडकतो. इथे जोर लावला की फ्रॉगचे आटे कायमचे गेले. लावला नाही.

लेथवाल्याकडे नवा स्क्रू करून घेतला, ३०० रुपये. हे काम इंची लीडस्क्रूच्या जुन्या लेथवर सोपे जाते. ४ आट्यांच्या लीडस्क्रूला गिअरचे प्रमाण एकास सहा. नुसते माप सांगू नये, रंधा सोबत न्यावा आणि तिथेच बसवून बघावे.

पाते आणि टोपी मिळून ३५०. पहिली आणलेली टोपी बदलून घ्यावी लागली: तिच्यातली आयताकृती खाच दोन मिलिमीटर वर होती, त्यामुळे पितळी चक्री शेवटापर्यंत फिरवूनही धार तळाबाहेर येत नव्हती. टोपी घेताना जुनी सोबत नेऊन खाचेवर खाच ठेवून बघावी.

म्हणजे ४०० चा रंधा १,०५० ला पडला आणि सगळे भाग असलेला ४ नंबरचा ८५० ला. पुढच्या वेळी स्क्रू नसलेल्या रंध्याला १५० च्या वर बोली नाही, तीही सुट्या भागांसाठी.

आजवरचा हिशेब: हत्यारे आणि सहाण ३,९३०, लेथ आणि ५ नंबरचे पाते-टोपी ६५०, कानशी-पक्कड ३००, लिंबूफूल-सोडा, पॉलिशपेपर, तेल ४६०, हातोडी आणि मोगरी घरातली. जाण्यायेण्याचे भाडे सोडून एकूण ५,३४०.

रविवार, १८ फेब्रुवारी

मागच्या रविवारचा हिशेब पुन्हा मांडला: बेरजेत व्हाइस १,४०० ऐवजी १,३५० लिहिला गेला होता. हत्यारांचे ८५०, ३००, १,०३०, १,४०० आणि ४०० मिळून ३,९८०. एकूण ५,३९०.

रविवार, १६ जून

पहिले पाऊस झाल्यावर पेटी उघडून पाहणी. पटाश्या आणि ४ नंबरचा रंधा स्वच्छ. ५ नंबरच्या तळावर निळसर काळे डाग: तो बाभळीच्या ओल्या छिलक्यांवर तसाच टेकवून ठेवला होता. बाभळीतले टॅनिन लोखंडाशी मिळून शाईसारखा रंग धरते. ४०० नंबरच्या कागदाने आणि तेलाने डाग गेले, खड्डा पडलेला नाही. व्हाइसच्या मागच्या जबड्याखाली मात्र बोटाएवढा नारिंगी पट्टा पुन्हा उठला आहे. मीठ तिथे राहिले होते. सोडून काढला, पुन्हा सोड्याच्या गरम पाण्यात तीन वेळा.

करवतींना खोबरेल लावले होते, ते चिकट होऊन धूळ धरून बसले आहे. रॉकेलने काढून मशीन ऑइल लावले. रंधे आता तळाखाली तेल लावलेल्या नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी ठेवून. पेटीतली फोमची पट्टी काढून टाकली, ती पाणी धरून ठेवते.